पावसाचा हिशेब चारचौघांत



स्मृतिव्याख्यानात गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगण्याची रीत आहे. पण संयोजकांचे म्हणणे असे पडले की, आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या कामाचे काही बोललात तर तीच खरी आठवण ठरेल. म्हणून मी सरळ कामाचा विषय घेतो. हवामान बदलाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एकीकडे आहेत. दुसरीकडे आपण आहोत. त्या बदलत्या आभाळाखाली आपण पेरतो, पाणी भरतो, मजुरीला जातो. या दोघांनी एका संध्याकाळी समोरासमोर बसावे का? बसायचे तर कशासाठी, आणि कसे?

१८७५ हे साल मी तुमच्यापुढे ठेवतो. त्या वर्षाच्या जानेवारीत आपल्या देशाचे हवामान खाते स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज आपण ज्या पद्धतीने इथे बसलो आहोत, संध्याकाळी कामे आटोपून, एका विषयावर तासभर ऐकायला, ती रीत तिथून गावोगाव गेली. म्हणजे पावसाचे शास्त्र आणि लोकांची सभा, दोन्ही आपल्याकडे एकाच वर्षी उभी राहिली. दोघांनाही दीडशे वर्षे झाली. पण तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या गावी, खेड्याच्या पारावर या दोघांची भेट किती वेळा झाली? फार कमी.

असे का झाले? हवामान खाते कशासाठी निघाले ते पाहा. १८६४ साली कलकत्त्यावर मोठे चक्रीवादळ आले. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला. पुढे १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ पडला आणि सरकारने खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारले की, पाऊस कसा होईल हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरच्या बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध शोधला. ४ जून १८८६ रोजी मोसमी पावसाचा पहिला नियमित अंदाज निघाला. नंतर १८९९ चा दुष्काळ आला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती खात्याचे प्रमुख झाले आणि आपला पाऊस प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाशी जोडलेला आहे, ही मोठी गोष्ट त्यांनी आकडेमोडीतून दाखवली. आज पेपरात ‘एल निनो’ वाचून आपण धास्तावतो, त्या समजुतीची मुळे तिथे आहेत. काम थोर होते यात शंका नाही. पण अंदाज मागितला होता सरकारने, आणि तो दिला गेला सरकारला. ज्याच्या शेतावर तो पाऊस पडायचा किंवा पडायचा नव्हता, त्या शेतकऱ्याला कोणी समोर बसवले नव्हते.

१९२८ मध्ये या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९६२ मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निघाली. देशाच्या मोसमी पावसाचे सगळ्यांत मोठे ज्ञानभांडार गेली कितीतरी दशके महाराष्ट्रात आहे, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या शेजारी आहे. तरीही ते आपल्यापर्यंत टीव्हीच्या पट्टीवरून पोचते, मोबाइलवर पुढे ढकललेल्या निरोपातून पोचते. समोर माणूस नसतो. प्रश्न विचारायला जागा नसते.

आता मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका संध्याकाळकडे वळतो.

जळगाव जामोद तालुक्यातले भेंडवळ तुम्हाला ठाऊक आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोल आखून कडेने गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, हरभरा, जवस, तीळ, बाजरी, करडई, सरकी अशी अठरा धान्ये ठेवतात. मध्ये खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांच्यावर पाण्याची घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, पानविडा. रात्री तिथे कोणी जायचे नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ भिजले ते पाहून पावसाचे आणि पिकांचे भाकीत सांगायचे. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली आणि वाघ घराण्याने पुढे चालवलेली ही रीत तीनशेहून अधिक वर्षांची आहे, असे सांगतात. विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून शेतकरी येतात आणि रात्रभर थांबतात.

या मांडणीविषयी माझे मत मी स्पष्ट सांगतो, कारण आडून बोलणे हा श्रोत्यांचा अपमान आहे. रात्री उघड्या शेतातले धान्य वाऱ्याने हलते, मुंग्या आणि किड्यांनी हलते. घागर पाझरते तेव्हा तिच्याखालचे कोणते ढेकूळ आधी भिजेल हे मातीवर आणि घागरीवर अवलंबून असते. पुढच्या चार महिन्यांचा पाऊस अरबी समुद्राच्या, हिंदी महासागराच्या, प्रशांत महासागराच्या तापमानावर ठरतो. त्या समुद्रांचा आणि त्या खड्ड्याचा काही संबंध नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे वारंवार सांगितले आहे आणि ते बरोबर सांगत आले आहेत.

पण एवढे बोलून थांबले तर आपण अर्धेच पाहिले. हजारो माणसे तिथे का जातात? ती अडाणी आहेत म्हणून? मुळीच नाही. त्यांतल्या पुष्कळांच्या मोबाइलवर हवामान खात्याचा अंदाज असतो. तरीही ती जातात, कारण भेंडवळला तीन गोष्टी मिळतात आणि त्या दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. दिवस ठरलेला असतो. पंचांग पाहिले की कळते कधी निघायचे. बोलणे त्यांच्या पिकाचे असते. तूर कशी, कपाशी कशी, जवस कसे, महिन्यामहिन्याचा पाऊस कसा. आणि सांगणारा माणूस समोर उभा असतो. चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पुढच्या वर्षी तो त्याच जागी भेटणार असतो.

मी विचारतो, हवामानाच्या शास्त्राने या तीनपैकी किती गोष्टी दिल्या? ठरलेला दिवस? पिकाची भाषा? समोरचा माणूस?

आणि भेंडवळला जे नाही ते शास्त्राजवळ आहे. गेल्या वर्षी काय सांगितले होते आणि काय झाले, याची सगळ्यांसमोर मांडलेली वही तिथे नाही. भाकीत चुकले की ते विसरले जाते आणि खरे ठरले की त्याची चर्चा गावोगाव होते. शास्त्राजवळ वही असते. जयंत नारळीकरांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, ती आठवा. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांची उत्तरे आली, त्यांतली बरोबर उत्तरे सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. त्या प्रयोगात कोणाची टवाळी नव्हती. आधी लिहून घ्या, मग मोजा, आणि मोजणी सगळ्यांना दाखवा, एवढेच होते.

हीच शिस्त हवामानाचे शास्त्र स्वतःला लावते. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ पासून सोळा घटकांच्या आधारे मोसमी पावसाचा अंदाज दिला जाऊ लागला. पुण्यात जन्मलेला हा शास्त्रज्ञ. त्यांच्यामुळे पावसाचा अंदाज घराघरात चर्चेचा विषय झाला. वर्षानुवर्षे तो अंदाज बरा ठरला. मग २००२ साल आले. पाऊस सरासरीइतका होईल असे सांगितले होते. त्या वर्षी जुलैमध्ये देशात नेहमीच्या निम्माच पाऊस पडला आणि हंगामाअखेर १९ टक्के तूट राहिली. पेरलेले जळून गेले. शास्त्रज्ञांनी काय केले? ती पद्धत तपासली, तिच्यातले दोष काढले आणि २००३ पासून नवी पद्धत आणली. आज एप्रिलमध्ये पहिला अंदाज येतो आणि मेच्या अखेरीस तो सुधारून दिला जातो. अंदाजाबरोबर तो किती टक्के इकडे तिकडे होऊ शकतो, हेही लिहिलेले असते. ही फार प्रामाणिक गोष्ट आहे. पण ती आपल्याला कोणी सांगितली? २००२ मध्ये दुबार पेरणी करणाऱ्या चिखलीच्या, मोताळ्याच्या, मेहकरच्या शेतकऱ्याला कोणी येऊन म्हणाले का की, आमचे गणित चुकले, ते असे चुकले, आणि आता आम्ही ते असे दुरुस्त केले आहे?

न सांगितल्याचे काय होते? जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरले आणि पाऊस आला नाही, म्हणून फसवणुकीची तक्रार. शास्त्राच्या दृष्टीने ती तक्रार टिकणारी नाही. पण मला त्या शेतकऱ्यांचे म्हणणे कळते. जाब विचारायला त्यांना दुसरी जागा नव्हती, म्हणून ते ठाण्यावर गेले. संध्याकाळची एक सभा असती, तर तो जाब तिथे विचारला गेला असता आणि त्याला उत्तर मिळाले असते.

आता लोणारविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण या विषयात बुलढाणा जिल्ह्याइतके नशीबवान जिल्हे फार नाहीत.

लोणारचे विवर उल्का आदळून झाले, बसाल्टच्या खडकात झाले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, हे आपली शाळकरी मुलेही सांगतात. पण त्या सरोवराला बाहेर जाणारी वाट नाही, याचा अर्थ काय होतो ते क्वचित सांगितले जाते. पाणी आत येते, बाहेर जात नाही. फक्त वाफ होऊन उडते. पावसाबरोबर आलेली माती, पाने, परागकण, शंखशिंपले, सगळे तळाशी बसते. थरावर थर. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंडगोल काढला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांच्या पावसाची नोंद सापडली. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गाळात काही थरांमध्ये गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक आहेत. सरोवर खूप आटले, पाणी अतिशय खारट झाले, तेव्हाच ते तयार होतात. म्हणजे स्फटिकांचा थर म्हणजे त्या काळच्या कोरड्या वर्षांची सही.

या नोंदीतून दोन दीर्घ कोरडे कालखंड पुढे आले. पहिला आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. सिंधू संस्कृतीची मोठी शहरे याच काळाच्या शेवटी ओस पडू लागली. दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. जरा थांबून हिशेब करा. दुसरा कालखंड म्हणजे सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर याच कोरड्या कालखंडात उभे राहिले! मग प्रश्न पडतो की, पाऊस कमी असताना इतकी मंदिरे, इतक्या बारवा कशा बांधल्या गेल्या? कोरडा कालखंड म्हणजे दरवर्षी दुष्काळ नव्हे, हे उघड आहे. पण त्या माणसांनी पाणी कसे साठवले? कोणती पिके घेतली? बारवा पाऊस भरपूर होता म्हणून बांधल्या, की कमी होता म्हणून? हे प्रश्न शास्त्रज्ञाला विचारण्याचा पहिला हक्क लोणारच्या माणसाचा आहे. आणि मला खात्री आहे की असे प्रश्न ऐकायला मिळाले तर शास्त्रज्ञालाही नवे काही सुचेल. कारण गाळाचा थर त्याला कळतो, पण कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या साली आटले हे गावाला कळते.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. जगभर छायाचित्रे गेली. शाप, चमत्कार, कसले कसले अर्थ लावले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसले. पाऊस आल्यावर रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळींच्या यादीत आले. आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत करोनाची साथ ओसरल्यावर लोणारच्या बाजारात एक पडदा लावून हे सगळे सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांसह दाखवले असते, तर किती माणसे जमली असती? आणि त्याच पडद्यावर गाळातल्या अकरा हजार वर्षांच्या पावसाची रेघ दाखवली असती, तर हवामान बदल म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागले असते का?

काळाच्या त्या मोठ्या पट्ट्यावर आजचे आकडे ठेवून पाहू. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताच्या हवामान बदलाचा आढावा काढला. त्याचे काम पुण्यातच झाले. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात पावसाळ्यातला पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पावसाळ्यातल्या खंडांची संख्या १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ मध्ये २७ टक्क्यांनी वाढली. आणि डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला विदर्भ येतो, दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. कारण असे की अरबी समुद्र तापतो आहे. तिथून येणारे वारे एकसारखे न येता मधूनच जोरात उसळतात आणि येताना खूप बाष्प आणतात.

म्हणजे एकीकडे खंड वाढतात आणि दुसरीकडे एकाच दिवसात महिन्याचे पाणी कोसळते. ही दोन विधाने ऐकून घाटाखालच्या माणसाला २२ जुलै २०२३ आठवेल. त्या दिवशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदीनाल्यांनी पात्र सोडले, माणसे अडकली, जमिनी खरवडून गेल्या. खारपाणपट्ट्यातली ही माणसे. वर्षभर गोड्या पाण्यासाठी तळमळायचे आणि एका दिवशी पाण्यात बुडायचे. त्यांना ‘सरासरी पाऊस ९६ ते १०४ टक्के’ हे वाक्य काय सांगते? काहीच नाही. देशाची सरासरी ही देशाच्या कामाची. आपल्या जिल्ह्यात तर एकाच आभाळातून पडलेले पाणी दोन समुद्रांना जाते. घाटावरचे पैनगंगेतून, खडकपूर्णेतून गोदावरीकडे आणि बंगालच्या उपसागराला, घाटाखालचे पूर्णेतून तापीकडे आणि अरबी समुद्राला. अशा जिल्ह्याला एक अंदाज पुरत नाही. घाटावरच्या सोयाबीनला ऑगस्टमध्ये शेंग भरताना पाणी हवे आणि काढणीला उघाड हवी. घाटाखालच्या कपाशीचे वेळापत्रक वेगळे. हे शास्त्रज्ञाला कोण सांगणार? आपणच.

मग ही संध्याकाळ कशी असावी? माझ्या मनात तिचे चित्र स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट, भाषणे थोडी आणि प्रश्न फार. आमच्या वऱ्हाडाला याचा फार मोठा वारसा आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. बाबा विचारत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातूनच बाबा पुढचा प्रश्न काढत. हजारो निरक्षर माणसांसमोर त्यांनी स्वच्छतेचे, कर्जाचे, दारूचे विषय असे उलगडले. ती रीत आपल्या अंगवळणी आहे. शास्त्रज्ञाने आल्यावर आधी अर्धा तास विचारावे: गेल्या वर्षी पहिली पेरणी कधी केली? कोणाची मोडली? विहिरीला पाणी कधीपर्यंत होते? मग बोलावे.

दुसरी गोष्ट, हिशेब आपल्या मापाने सांगावा. आपल्या शेतकऱ्याला आकडे कळत नाहीत हा गैरसमज आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, हे त्याला तोंडपाठ आहे. पन्नास पैशांच्या आतली पैसेवारी म्हणजे काय हे त्याच्या आजोबालाही ठाऊक होते. शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हे तो ऐकत आला आहे. मग ‘दहांपैकी सहा वर्षी असे होते, चार वर्षी होत नाही’ हे त्याला का कळणार नाही? शक्यता हे त्याच्या रोजच्या जगण्याचे गणित आहे. त्याला नको असते ती हवेतली खात्री.

यातच माझी एक आग्रहाची सूचना आहे. आपला शेतकरी पाऊस नक्षत्रांनी मोजतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे, सूर्याच्या स्थानावर ठरलेले, म्हणून इंग्रजी तारखांशी पक्के जुळणारे. आणि हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा जो अंदाज काढते, त्यातले पहिले दोन आठवडे अधिक भरवशाचे असतात. दोन आठवडे म्हणजे एक नक्षत्र! तालुक्याच्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी नक्षत्रवार मांडून शास्त्रज्ञाने पडद्यावर दाखवाव्यात. आमच्या आजोबांच्या वेळचे आर्द्रा आणि आजचे आर्द्रा यांत काय फरक पडला, हे एका चित्रात दिसेल. हत्ती, बेडूक, म्हैस या नक्षत्रांच्या वाहनांवरून पाऊस ठरत नाही, हेही त्याच चित्रात दिसेल, आणि ते सांगायला कोणाला दुखवावे लागणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. शास्त्रज्ञाने परत यावे. पेरणीआधी एकदा आणि सुगीनंतर एकदा. जे सांगितले होते ते फळ्यावर लिहून ठेवलेले असावे, त्याच्याशेजारी जे झाले ते लिहावे, आणि फरक का पडला ते बोलावे. आपल्याकडे अभ्यासक येतात, नमुने नेतात. परतीचा निरोप मात्र अवघड होऊन बसतो. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस गळू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेतले. बुरशी, पाणी, धान्यातले सेलेनियम, नाना कारणे वर्तमानपत्रांत आली. अशा वेळी ज्यांच्या अंगावर ते घडले त्यांना निष्कर्ष समोर बसून, त्यांच्या भाषेत ऐकण्याचा हक्क असतो. तो उपकार नाही.

बायांच्या बसण्याची सोय वेगळी कोपऱ्यात नको, पुढे हवी. पाणी भरणारी ती, निंदणीला उन्हात वाकणारी ती. मे महिन्यात खामगाव-मलकापूरच्या उन्हात मजुरीची वेळ कोणती असावी, हा हवामान बदलाचाच प्रश्न आहे आणि तो तीच विचारील.

कोणी म्हणेल, लोक भावाचे बोलतील, विम्याचे बोलतील, शास्त्रज्ञावर राग काढतील. काढू द्या. कृषी खात्याचा, महसूल खात्याचा अधिकारी शेजारी बसवा; ज्याचे उत्तर त्याने द्यावे. आणि शास्त्रज्ञाने ‘हे माझ्या शास्त्राला आज सांगता येत नाही’ असे म्हटले तर त्याची किंमत आपल्या मनात वाढेल. डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मोसमी पावसावर जगाने दखल घ्यावी असे काम करणारी ही पुण्याची बाई कर्नाटकातल्या पावगड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यांशी बोलून भुईमुगाच्या पेरणीचे गणित मांडत होती. पेरणी कोणत्या आठवड्यात केली तर खंडाचा फटका कमी बसतो, हा प्रश्नच मुळी शेतकऱ्यांशी बोलण्यातून येतो. हवामान खात्यातून निवृत्त झालेले माणिकराव खुळे रोजचा अंदाज साध्या मराठीत लिहितात आणि शेतकरी ते वाचतात. माणसे आहेत. त्यांना बोलावणे गेले पाहिजे.

एक दुःखाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. २०१८ नंतर देशभर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे निघाली. त्यांची संख्या १९९ झाली होती. आपल्या बुलढाण्यातही एक होते. आठवड्यातून दोनदा तालुक्याचा अंदाज आणि त्यावर पिकाचा सल्ला, मराठीत. २०२४ मध्ये ही केंद्रे बंद करण्यात आली. ज्या वर्षांत पाऊस अधिक बेभरवशाचा होतो आहे, त्याच वर्षांत जिल्ह्यातला हवामानाचा माणूस काढून घेणे हा चुकीचा निर्णय होता. ते केंद्र पुन्हा कायमचे सुरू झाले पाहिजे, ही मागणी या सभेने करावी.

पण तेवढ्यासाठी थांबायचे कारण नाही. या जिल्ह्याने एकदा सगळ्या देशाला वाट दाखवली आहे. महामार्गाला माती आणि मुरूम हवा होता, तलावांत गाळ साचला होता. तलाव खोदून ती माती रस्त्याला दिली, रस्ता झाला आणि तलावही खोल झाले. त्याला लोक ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणू लागले. दोन गरजा एकत्र आणण्याची अक्कल इथे आहे. पुण्याच्या संस्था, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे आणि अशा व्याख्यानमाला, यांना एकत्र आणायला फार पैसा लागत नाही. एक सभागृह, एक पडदा, एक फळा आणि एक वही लागते.

म्हणून माझी विनंती आहे. या मालेच्या संयोजकांनी पुढच्या वर्षापासून एक संध्याकाळ हवामानशास्त्रज्ञाला द्यावी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, सुधारित अंदाज आला की लगेच. आणि दुसरी दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आल्यावर. एक घाटावर, एक घाटाखाली. शिक्षकांनी आपापल्या शाळेत पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवून घ्यावी आणि ती वही घेऊन या सभेला यावे. शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, तुम्ही पेरणीची तारीख, पहिला मोठा पाऊस आणि सगळ्यांत लांब खंड, एवढ्या तीन गोष्टी यंदापासून लिहून ठेवा. मृग लागायला अजून अवकाश आहे. वही आजच घ्या.